‘वाचतील ना?’ : मेंदूतील रक्तस्रावानंतरचा अंदाज

व्यापारी कुटुंबाला अंदाजाची सवय असते. सणासुदीला माल किती खपेल, कोणाला किती उधारी द्यावी, हे निर्णय रोज अंदाजानेच घेतले जातात. परंतु घरातील कर्ता माणूस मेंदूतील रक्तस्रावाने बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात दाखल होतो, तेव्हा हेच कुटुंब ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागते. डॉक्टर मात्र टक्केवारीत बोलतात. या दोन भाषांमधील अंतर समजून घेतले नाही, तर घाईचे निर्णय होतात आणि त्यांतील काही परत फिरवता येत नाहीत.

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला जेथे फाटा फुटतो, तेथे तिची भिंत कमकुवत होऊन लहानसा फुगा तयार होऊ शकतो. त्यास ‘अ‍ॅन्युरिझम’ म्हणतात. शंभर प्रौढांपैकी साधारण तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. उच्च रक्तदाब व धूम्रपान यांमुळे तो फुटण्याचा धोका वाढतो. फुटल्यास मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते आणि क्षणार्धात असह्य डोकेदुखी सुरू होते. त्यासोबत उलटी, मान आखडणे किंवा शुद्ध हरपणेही घडू शकते.

अशा रुग्णाचे पुढे काय होईल, याचा अंदाज प्रथम त्याच्या शुद्धीवरून बांधला जातो. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, यावरून ३ ते १५ असे गुण देण्याची पद्धत ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडली. तिच्याच आधारे जागतिक न्यूरोसर्जरी महासंघाने १९८८ मध्ये या रक्तस्रावाच्या पाच श्रेणी ठरवल्या; पहिली सर्वांत सौम्य, पाचवी सर्वांत गंभीर. सी.टी. स्कॅनमध्ये दिसणाऱ्या रक्ताच्या प्रमाणावरून पुढील धोका ओळखण्याची रीत डॉ. मिलर फिशर व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दिली. वय, पूर्वीचा रक्तदाब, फुग्याचा आकार व जागा यांचीही भर पडते. सुमारे ११ हजार रुग्णांच्या नोंदींवरून या सर्व घटकांची सांगड घालणारी गणिती पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून तीन महिन्यांनंतरच्या स्थितीचा अंदाज बांधता येतो.

मग निश्चित उत्तर का मिळत नाही? कर्ज देताना बँक ग्राहकाला जी पत-श्रेणी देते, तिचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्या श्रेणीतील शंभर कर्जदारांपैकी किती थकबाकीदार होतील, हे श्रेणी बऱ्यापैकी सांगते. समोर बसलेला ग्राहक त्यांपैकी कोण, हे ती सांगत नाही. डॉक्टरांची टक्केवारीही अशीच समूहाची असते. ‘शंभरात तीस’ याचा अर्थ आपला माणूस तीस टक्के बरा होईल असा नाही. त्याच्यासारख्या शंभर रुग्णांपैकी तीस चांगल्या स्थितीत पोहोचले, एवढाच तो आहे.

शिवाय ही श्रेणी बदलू शकते. रक्तामुळे मेंदूतील पाण्याचा मार्ग अडला, की दाब वाढून रुग्ण गाढ बेशुद्ध होतो. नळी घालून ते पाणी काढल्यावर काही रुग्ण लक्षणीय सुधारतात. म्हणून दाखल होतानाची श्रेणी हा अंतिम निकाल मानू नये. येथे एक धोकाही आहे. ‘आशा नाही’ असे समजून पहिल्याच दिवशी उपचार थांबवले, तर रुग्ण दगावतो आणि अंदाज खरा ठरल्यासारखा वाटतो. वस्तुतः त्याला खोटे ठरण्याची संधीच मिळालेली नसते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. क्लिप किंवा कॉइलने फुगा बंद झाला म्हणजे संकट टळले असे नव्हे. चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मेंदूच्या धमन्या आकसून नवे नुकसान होण्याचा धोका असतो. त्यासाठीच निमोडिपिन हे औषध साधारणतः २१ दिवस दिले जाते. आणि वैद्यकीय नोंदीतील ‘चांगला परिणाम’ म्हणजे बहुधा स्वतःची कामे स्वतः करता येणे. असा माणूस चालतो, जेवतो, बोलतो. पण हिशेब जुळवताना गोंधळतो, लवकर थकतो, चिडतो, नावे विसरतो. पुन्हा गादीवर बसण्याची घाई कुटुंबाने करू नये. ही अवस्था आळस नसून आजाराचाच भाग आहे, आणि तिच्यातून सावरण्यास अनेक महिने लागू शकतात.

मीरा-भाईंदरच्या कुटुंबांसाठी पहिला प्रश्न वेळेचा आहे. फुटलेला फुगा पहिल्या २४ तासांत पुन्हा फुटण्याची भीती सर्वाधिक असते. अशा रुग्णाला लोकलने किंवा रिक्षाने नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोकेदुखीसाठी घरातील अ‍ॅस्पिरिन देऊ नये. जवळच्या रुग्णालयात सी.टी. स्कॅन व प्राथमिक उपचार तातडीने करावेत. तेथे न्यूरोसर्जन नसल्यास कोठे हलवायचे, हे डॉक्टरांनी समोरच्या रुग्णालयाशी फोनवर बोलून ठरवू द्यावे. काशीमिरा ते परळ हे अंतर गर्दीच्या वेळी थोडे नसते.

डॉक्टरांशी बोलण्यासाठी घरातील एकाच जबाबदार व्यक्तीला नेमावे. तिने चार प्रश्न लिहून न्यावेत : आज श्रेणी कोणती? कालच्या तुलनेत काय बदलले? तुमच्या दृष्टीने ‘चांगला परिणाम’ म्हणजे नेमके काय? पुढचा आढावा केव्हा? ‘वाचतील ना?’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवशी प्रामाणिक डॉक्टरही देऊ शकत नाही. या चार प्रश्नांची उत्तरे मात्र तो रोज देऊ शकतो, आणि कुटुंबाने आपले निर्णय त्यांच्याच आधारे घ्यावेत.