कोयत्याचे पाणी तेलातले

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगामात ऊसतोड मजुराचा कोयता दिवसभर उसाच्या बुडख्यावर चालतो, आणि त्याची धार किती टिकते हे पोलादाइतकेच त्याला दिलेल्या पाण्यावर ठरते. तापलेले पाते झटक्यात थंड करून कठीण करण्याला लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत त्यालाच हार्डनिंग म्हणतात. शब्द पाण्याचा असला, तरी पुष्कळ पोलादांना हे पाणी तेलातच द्यावे लागते.

सुमारे 800 अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादातला कार्बन लोहात विरघळतो, आणि 600 ते 500 अंशांचा टप्पा वेगाने ओलांडला, तरच तो तसाच अडकून ‘मार्टेन्साइट’ ही अतिकठीण रचना घडते. ही रचना सुमारे 300 अंशांखाली घडू लागते तेव्हा पोलाद किंचित फुगते. नेमक्या याच टप्प्यावर पाणी उष्णता जोराने ओढत असल्यामुळे पाते तडकण्याचा धोका असतो, तर तेल मंदावते आणि पात्याला सांभाळून घेते.

तेलाची निवड पोलादावरून करावी. ट्रकच्या जुन्या पाट्यातल्या सिलिकॉन-मँगनीजयुक्त पोलादाला मध्यम वेगाचे क्वेंचिंग ऑईल पुरते, पण साध्या कार्बन पोलादाला वेगवान तेल लागते. शेंगतेलानेही काम भागते, मात्र ते वारंवार तापून दाटते. वापरलेल्या इंजिन ऑईलचा धूर मात्र घातक असतो, म्हणून ते टाळावे.

तेल 50 ते 60 अंशांपर्यंत कोमट केले की पातळ होऊन पात्याभोवतीचे वाफेचे आवरण लवकर मोडते. सांडशीत धरलेले पाते सरळ बुडवून धारेच्या दिशेने पुढेमागे हलवावे, कारण आडवे हलवल्यास दोन्ही बाजू असमान निवतात आणि पाते वाकते. तेलात पाणी शिरलेले नसावे, अन्यथा त्याची वाफ होऊन तेल उसळते व पेट घेते. शेजारी घट्ट बसणारे लोखंडी झाकण हवेच.

थंड पात्यावर कानस घसरू लागली, की कठीणपणा आला असे समजावे. पण ते काचेसारखे ठिसूळ असल्याने लगेच पुन्हा बेताने तापवून, म्हणजे टेम्परिंग करून, चिवट करावे लागते. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते, त्यामुळे बोथट किंवा तडकलेल्या कोयत्याची किंमत अखेर मजुराच्याच कमाईतून जाते.