लाडबोरीचं कडं

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. सूर्यास्ताला गुढ्या उतरल्या आणि पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत लोक अंगणात नि गच्च्यांवर माना वर करून उभे राहिले. जळत्या ठिणग्यांची एक माळ आकाशातून सावकाश सरकत गेली. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला पेटलेलं विमान, कुणाला क्षेपणास्त्र. परग्रहावरच्या यानाची आठवण काढणारेही होतेच. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ धातूचं एक कडं सापडलं. व्यास सुमारे ३ मीटर, वजन चाळीसेक किलो. आसपासच्या गावांतून धातूचे पोकळ गोळेही मिळाले. उडत्या तबकड्यांच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात आकाशातली गोष्ट अशी हाताला लागणं दुर्मीळ, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहावं.

नगर जिल्ह्यातल्या प्रवराकाठच्या कोल्हारहून ती माळ कशी दिसली असती, याचा हिशोब मांडता येतो. तिचा मार्ग मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीकडून आग्नेयेला चंद्रपूरकडे. म्हणजे कोल्हारला उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडून उजवीकडे. अशा वस्तू साधारण ७०-८० किलोमीटर उंचीवर पेटतात आणि कोल्हारपासून तो मार्ग जवळात जवळ अडीचशे किलोमीटर. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. त्या मापाने ती माळ क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर. रात्री उसाला पाणी भरायला बांधावर उभ्या असलेल्या माणसाने शपथेवर सांगितलं असतं, की ती शिर्डीच्या अलीकडेच कुठेतरी पडली. तो खोटं बोलत नसता. आकाशात झाड नसतं, घर नसतं, मापाला काहीच नसतं. अनोळखी उजेड किती लांब आहे हे डोळ्याला कळतच नाही. अंतर चुकलं की आकार चुकतो, आणि दोन्ही चुकले की वेग चुकतो. ‘प्रचंड मोठी वस्तू, विमानाहून कितीतरी वेगवान’ हे वर्णन बहुतेक वेळा याच तीन चुकांच्या गुणाकारातून येतं.

मग उलगडा झाला कसा? घड्याळाने. मोबाईलवर असंख्य चित्रफिती निघाल्या होत्या आणि वेळ पक्की होती. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते, बहुधा काही सेकंदांत विझते. ही माळ रेंगाळत होती, तुकडे एकामागून एक ओळीने चालले होते. कक्षेतून सुटलेला कचरा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, हवेला घासत जवळपास आडवा येतो तेव्हा असंच दिसतं. पहिला अंदाज त्याच संध्याकाळी न्यूझीलंडमधून उडालेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटचा होता. तो टिकला नाही. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून दाखवला तो चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या. त्या टप्प्याचा व्यास ३ मीटर. लाडबोरीचं कडंही तेवढंच.

‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ या शब्दांत वस्तूबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. सांगितलेलं असतं ते पाहणाऱ्याबद्दल आणि त्याने ठेवलेल्या नोंदीबद्दल. नोंद भक्कम असेल तर गूढ उरत नाही; नोंद मोघम असेल तर शुक्राची चांदणीसुद्धा कायमची गूढ राहते. ‘तबकडी’ हा शब्दच पाहा. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत माउंट रेनियरजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असं त्याने सांगितलं. वर्णन चालीचं होतं, वर्तमानपत्रांनी ते आकाराला चिकटवलं. त्यानंतर लोकांना बशाच दिसू लागल्या. आपल्याकडे बशीची तबकडी झाली (ग्रामोफोनने तो शब्द तयार ठेवला होताच).

यावर पहिला आक्षेप ठरलेला: साधी माणसं फसतील, पण सैनिक, वैमानिक कसे फसतील? याचं उत्तर लडाखमध्ये आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवरच्या आपल्या जवानांनी आकाशातल्या संशयास्पद वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासलं तर ते गुरू आणि शुक्र निघाले. यात जवानांना हसण्यासारखं काही नाही. उलट त्यांनी शिस्तीने नोंदी ठेवल्या म्हणूनच ग्रह ओळखता आले. काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली की स्थिर ठिपकाही सरकल्यासारखा वाटतो, हा डोळ्याचा धर्म आहे. गणवेशाने तो बदलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. अमेरिकी हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यांपैकी ७०१ उलगडल्या नाहीत. त्यांचं काय? पण पोलीस ठाण्यात तपास न लागलेल्या चोऱ्या असतात, त्यावरून त्या भुताने केल्या असं कोणी म्हणत नाही. शेकडा पाच-सहा नोंदी अपुऱ्या माहितीमुळे अडकणं अपेक्षितच आहे. सरकार लपवतं, हा आरोप मात्र अगदीच पोकळ नाही. १९४७ साली अमेरिकेतल्या रॉसवेलजवळ सापडलेल्या अवशेषांना हवामानाचा फुगा म्हटलं गेलं. सोव्हिएत अणुचाचण्यांची चाहूल घेणाऱ्या गुप्त ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांची माळ ती होती, हे हवाई दलाने सांगितलं १९९४ साली. लपवलं होतं खरं, पण ते स्वतःचंच गुपित होतं.

नगर जिल्ह्याच्या आकाशात आता फसगतीची साधनं वाढली आहेत. काकडीचा शिर्डी विमानतळ २०१७ साली सुरू झाला. उतरणाऱ्या विमानाचा दिवा सरळ आपल्याकडे रोखलेला असला की मिनिट-दोन मिनिटं जागचा हलत नाही, मग एकदम वळतो. स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यानंतरचे काही दिवस सूर्यास्तानंतर दिव्यांच्या आगगाडीसारखे जातात. २०२४ च्या जून-जुलैत पुणे, बीड, नगर भागात रात्रीच्या ड्रोनची आवई उठली, चोर टेहळणी करतात म्हणून गावोगाव गस्ती सुरू झाल्या. पूर्वी अशा उजेडाला लोक चकवा म्हणाले असते, अर्नोल्डनंतर तबकडी म्हणाले, आता ड्रोन म्हणतात.

मग पृथ्वीबाहेर जीव नाहीच का? हा प्रश्न वेगळा, आणि तो गंभीरपणे घेणाऱ्यांत आपले जयंत नारळीकर होते. जानेवारी २००१ मध्ये त्यांच्या चमूने हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. २००५ साली प्रयोग पुन्हा केला, तेव्हा जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू अगदी नव्या जातीचे. त्यांतल्या एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव मिळालं. हे जिवाणू बाहेरून आले असं मात्र सिद्ध झालं नाही. गंमत अशी, की हा फुगा जिथून सुटला, त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून सुटणारे फुगे उन्हात चकाकतात, त्यांच्या पेट्या हवाई छत्रीला लटकून पार सोलापूरच्या बाजूलाही उतरू शकतात, आणि शिवारात असं काही पडलं की पहिली हाक उठते ती परग्रहावरच्या पाहुण्यांचीच.