वाडीचे दुखणे, दवाखान्याची भाषा

भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी जेथे हौतात्म्य आले, त्या सिद्धगडाचे नाव महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु त्याच परिसरातल्या मुरबाड-शहापूरकडील ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वाड्यांतला रुग्ण सरकारी दवाखान्यात येतो, तेव्हा त्याची बोली आणि डॉक्टरांची ग्रांथिक मराठी यांत केवढे अंतर पडते, याची दखल क्वचितच घेतली जाते. कागदोपत्री सगळे मराठीच. त्यामुळे दुभाष्याची तजवीज करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

सर्पदंशाचेच पाहा. सापाचे नाव घेऊ नये या समजुतीने खेड्यांत ‘पान लागले’ म्हणतात. नव्याने रुजू झालेल्या शहरी डॉक्टरास ते न उमजल्यास मोलाचा वेळ जातो. दंश घोणशीचा वा फुरशाचा असेल, तर सूज व रक्तस्राव दिसतात, आणि काचेच्या कोरड्या नळीतले रक्त वीस मिनिटांत न गोठल्यास विषाची खात्री पटते. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री निजलेल्या माणसास चावते. वेदना नाममात्र, खूण बहुधा दिसत नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या मिटू लागतात, गिळवत नाही, आणि अखेरीस श्वास खुंटतो. अशा रुग्णास ‘काही चावले का?’ असे विचारल्यास तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ‘रात्री कुठे निजला होता, भुईवर की बाजेवर?’ असे पुसणाऱ्या डॉक्टरासच खरा धागा सापडेल.

सोबतच्या नातलगास दुभाषी करण्यात धोका आहे. सासूसमक्ष सून आपले दुखणे उघड करीत नाही. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ‘आशा’ कार्यकर्ती ही गावचीच बाई असल्याने दुभाषी म्हणून तिचा आधार मोठा. मात्र तिच्या मानधनाचा काही भाग कामागणिक ठरतो, आणि या दुभाषेपणाचेही मोल त्या हिशेबात धरणे न्याय्य होय. हेमलकशास प्रकाश व मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने स्वतःच माडिया भाषा आत्मसात केली; बदलीच्या नोकरीत प्रत्येकास ते साधेल असे नाही. पण ‘समजले ना?’ या प्रश्नावर मिळालेल्या होकारावर न विसंबता, ‘घरी गेल्यावर ही गोळी कधी घ्याल, सांगा पाहू’ असे विचारणे कोणासही शक्य आहे. बदलीच्या वेळी औषधसाठ्याच्या नोंदवहीबरोबर, त्या भागातील दुखण्यांच्या स्थानिक नावांची वहीही नव्या डॉक्टरांच्या हवाली करण्याचा दंडक जिल्हा परिषदेने घालावा.