रुतलेल्या चेंडूचा कायदा

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा. डिसेंबरातल्या इंग्लंडमध्ये, आठवडाभर रिपरिप पाऊस झाल्यावर, हा एवढासा चेंडू दीडशे मीटरवरून उंच येऊन फेअरवेवर पडतो तेव्हा उसळत नाही. थप्पकन आवाज येतो आणि तो जिथल्या तिथे गडप होतो. खेळाडू जवळ जाऊन वाकून बघतो, तर निम्मा चेंडू मातीत, खळग्याभोवती गवताची कड वर आलेली आणि तळाशी पाणी झिरपायला लागलेलं. क्लबने मारायचं म्हटलं तर चेंडूआधी चिखलच उडणार. उचलायचं म्हटलं तर गोल्फचा पहिला धडा आठवतो: चेंडू जसा पडला तसा खेळायचा.

या पेचावरचं उत्तर नियमपुस्तकात १६.३ या क्रमांकाखाली आहे. वाचायला पाच मिनिटं लागतात. तरीही हिवाळ्यात क्लबांच्या बारमध्ये सगळ्यात जास्त वाद याच नियमावरून झडतात, कारण ऐकीव माहितीवर खेळणारे बहुसंख्य. ‘रुतला की फुकट सूट’ एवढंच अनेकांना ठाऊक असतं. ते अर्धसत्य आहे.

चेंडू रुततो कुठे, हे आधी बघू. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची जुनी मैदानं, ज्यांना लिंक्स म्हणतात, ती वाळूवर उभी आहेत. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी इथे पाऊस पडतो आणि खाली निघून जातो. जानेवारीतही जमीन टणक लागते. तिथली चिंता वेगळीच, गवताची. हिवाळ्यात गवत वाढत नाही, क्लबने उडालेला तुकडा लवकर भरून येत नाही, म्हणून सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर या दिवसांत फेअरवेवरचा फटका छोट्याशा चटईवर चेंडू ठेवून मारावा लागतो. खरा चिखल आहे तो आतल्या भागात. लंडनच्या आसपासची कितीतरी मैदानं चिकणमातीवर आहेत. ती माती पाणी धरून ठेवते, ऊन नावापुरतं, दिवस सात-आठ तासांचा, त्यामुळे नोव्हेंबरात भिजलेली जमीन मार्चपर्यंत धड वाळत नाही. तिथे उंच उडालेला प्रत्येक चेंडू म्हणजे मळलेल्या कणकेत दाबलेला अंगठा.

नियम रुतलेला चेंडू कशाला म्हणतो, यात सगळी मेख आहे. चेंडू स्वतःच पाडलेल्या खळग्यात असला पाहिजे. तो खळगा खेळाडूच्या अगदी आधीच्या फटक्याने पडलेला असला पाहिजे. आणि चेंडूचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली गेलेला असला पाहिजे; मातीला तो टेकलाच पाहिजे असं मात्र नाही, मध्ये गवत किंवा पालापाचोळा चालतो. यातली एक अट जरी हुकली, तरी चेंडू कितीही खोल गेलेला असो, सूट नाही. घरंगळत जाऊन दुसऱ्याच्या जुन्या खळग्यात विसावला? तो रुतलेला नव्हे, तसाच मारा. टी-शॉट चुकून क्लब चेंडूच्या डोक्यावर बसला आणि चेंडू हवेत न उडता थेट जमिनीत घुसला? तोही नव्हे, कारण चेंडू हवेतून येऊन रुतायला हवा. शोधताना कोणाच्या तरी बुटाखाली दाबला गेला, तर तो प्रश्न १६.३चा नाहीच, तिथे चेंडू मूळ जागी, मूळ अवस्थेच्या जवळपास पुन्हा ठेवायचा असतो, आणि शोधताना चुकून घडलं असेल तर दंडही नाही.

पूर्वी हे आणखी कडक होतं. २०१८ अखेरपर्यंत मूळ नियमाची सूट फक्त फेअरवेच्या उंचीइतकं किंवा त्याहून बारीक कापलेल्या गवतापुरती होती. रफमध्ये रुतला तर तुमचं नशीब, अर्थात समितीने स्थानिक नियम लावून सूट वाढवली नसेल तर. अमेरिकेत हा स्थानिक नियम इतका सर्रास लावला जायचा की तोच मूळ नियम आहे असं तिथल्या अनेकांना वाटे. सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून नियम ठरवतात. त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये पुस्तक नव्याने लिहिलं, ३४ नियमांचे २४ केले, आणि त्या झाडाझडतीत ही सूट संपूर्ण जनरल एरियाला, म्हणजे फेअरवे आणि रफ दोन्हींना दिली. दोन अपवाद राखले: जिथे गवत फेअरवेइतकं कापलेलं नाही अशा जागी चेंडू वाळूत रुतला, तर सूट नाही. झुडपात अडकलेला चेंडू, जो एरवीही मारता आलाच नसता, त्यालाही नाही. माझ्या मते २०१९च्या बदलांमधला हा सगळ्यात शहाणा बदल. रफमध्ये चेंडू गेला ही शिक्षा झालीच. त्यावर मातीत गाडला जाण्याची जादा शिक्षा कशाला?

आता हाताने करायचं काय, ते नीट पाहू, कारण दंड बसतात ते इथे. रुतलाय की नाही हे नुसतं बघून कळत नाही. लांब गवतात तर अजिबात नाही. म्हणून नियम १६.४ चेंडू उचलून तपासायची मुभा देतो, पण तसं मानायला सबळ कारण पाहिजे. आधी जागेवर खूण करायची, टी किंवा नाण्याने. मग चेंडू दोन बोटांनी अलगद काढायचा. पुसायचा नाही! इथे भले भले चुकतात: चेंडू हातात आला की अंगठा आपोआप त्यावर फिरतो, किंवा तो टॉवेलमध्ये जातो. सूट मिळणार हे ठरेपर्यंत चेंडूवरचा चिखल चेंडूवरच राहायला हवा, कारण सूट नाही असं निघालं तर तो त्याच चिखलासकट परत जागेवर ठेवायचा आहे. खूण न करता उचलला, सबळ कारण नसताना उचलला, किंवा आधीच पुसला, तर एक दंडाचा फटका. चेंडू बाहेर आला की बोटाने खळगा चाचपायचा: कड तुटलेली आहे का, तळ जमिनीच्या खाली आहे का. २०१९पूर्वी उचलण्याआधी प्रतिस्पर्ध्याला किंवा मार्करला सांगून त्याला बघायची संधी द्यावी लागे. ती अट आता गेली. तरी सांगावं, त्याने वाद मिटतात.

रुतलाय हे ठरलं की चेंडू पुसा, हवा तर बदला. रुतलेल्या जागेच्या लगेच मागचा बिंदू धरायचा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, जनरल एरियातच, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. १९८४पूर्वी तो खांद्यावरून मागे टाकत, पुढे २०१८पर्यंत हात ताणून खांद्याच्या उंचीवरून सोडत. भिजलेल्या जमिनीवर खांद्याच्या उंचीवरून पडलेला चेंडू पुन्हा अर्धवट रुतायचा, तेव्हा गुडघ्यापर्यंत खाली येण्याचा फायदा हिवाळ्यात खेळणाऱ्यांनाच जास्त झाला.

हा सगळा व्यवहार खेळाडूच्या बोटावर आणि शब्दावर चालतो, आणि कधीकधी तो जगासमोर येतो. ३० जानेवारी २०२१, सॅन दिएगोजवळचं टॉरी पाइन्स, फार्मर्स इन्शुरन्स ओपनची तिसरी फेरी. आदल्या दिवशी पाऊस आणि गारा पडून रफ भिजलेला. दहाव्या होलवर पॅट्रिक रीडचा चेंडू रफमध्ये गेला. त्याने जवळच्या स्वयंसेविकेला विचारलं, चेंडू उसळला का? तिने उसळताना पाहिला नव्हता. रीडने सोबतच्या खेळाडूंना सांगून चेंडू उचलला, बाजूला ठेवला, मग अधिकाऱ्याला बोलावलं. अधिकाऱ्याने खळगा चाचपून सूट दिली. थोड्याच वेळात दूरदर्शनवरच्या चित्रफितीत दिसलं की चेंडू आधी उसळला होता. उसळलेला चेंडू दुसऱ्यांदा पडून रुतू शकेल का, यावर रात्रभर गदारोळ उठला. नियमानुसार तसं होणं अशक्य नाही, पण लांब गवतात छोट्याशा उडीने रुतणं अवघड, हे कोणीही सांगेल. स्पर्धा घेणाऱ्या पीजीए टूरने रीडची कृती नियमात बसणारी ठरवली आणि दुसऱ्या दिवशी तो पाच फटक्यांनी जिंकला.

गंमत पुढे आहे. त्याच दिवशी अठराव्या होलवर रोरी मॅकिलरॉयनेही रफमध्ये रुतलेल्या चेंडूची सूट घेतली, आणि त्याचाही चेंडू आधी उसळला होता. त्याच्यावर फारसं कोणी तुटून पडलं नाही. नंतर एका स्वयंसेवकाने कळवलं की मॅकिलरॉयच्या चेंडूवर चुकून त्याचा पाय पडला होता. म्हणजे खेळाडू प्रामाणिक, खळगाही खरा, पण तो त्याच्या फटक्याने पडलेला नव्हता. लोकांनी दोघांना वेगळं माप लावलं ते त्यांच्या आधीच्या लौकिकावरून. नियमाने मात्र दोघांना एकाच पारड्यात तोललं, आणि तेच योग्य होतं. रीडने चेंडू हलवण्याआधी अधिकाऱ्याची वाट पाहिली असती, तर मात्र एवढं बोंबललं कोणी नसतं.

या नियमातला मला सगळ्यात खटकणारा भाग वेगळा आहे. फेअरवेच्या मधोमध उत्तम फटका गेला, चार जणांनी चेंडू पडताना पाहिला, पण तो इतका खोल रुतला की सापडत नाही. २०१९पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात. आधी पाच मिळायची. तीन मिनिटांत सापडला नाही तर तो हरवलेला, आणि मग एक दंड घेऊन पूर्वीच्या जागी परत जाऊन खेळायचं. रुतल्याची सूट हवी तर चेंडू सापडायलाच हवा. त्याउलट, शेजारीच पावसाचं डबकं असेल आणि चेंडू त्यात गेला हे सगळ्यांना माहीत किंवा जवळपास नक्की असेल, तर तो न सापडताही दुसरा चेंडू घेऊन फुकट सूट मिळते. चांगल्या फटक्याला दंड आणि डबक्यातल्याला माफी! यामागचं तर्कशास्त्र मला समजतं, रुतलेली जागा सापडली नाही तर सूट कुठून मोजायची. पण पटत नाही. क्लब पातळीवर समितीने स्थानिक नियम लावला असेल, तर परत न जाता दोन दंडांचे फटके घेऊन पुढे खेळता येतं, एवढाच दिलासा.

डबक्याचंही एक पथ्य आहे. नियमाच्या भाषेत हे तात्पुरतं पाणी, आणि ते पाय रोवण्याआधी किंवा रोवल्यावर साचून राहिलेलं दिसायला हवं. पाय टाकताना क्षणभर चमकून गेलेलं पाणी, नुसती ओल, नुसता चिखल मोजला जात नाही. जोर देऊन बुटाने पाणी काढायचं नाही. दव आणि गोठलेल्या दवाचा पांढरा थरही पाणी नव्हे. बर्फ मात्र खेळाडूच्या मर्जीवर: हवं तर तात्पुरतं पाणी माना, हवं तर कचऱ्यासारखा बाजूला सारा.

ग्रीनवर रुतला तर प्रश्नच नाही, खूण करा, उचला, पुसा, खळगा बुजवा, ठेवा. बंकरच्या वाळूत रुतला तर दंडाशिवाय काहीच मिळत नाही: एक दंड घेऊन बंकरमध्येच सोडा, किंवा दोन घेऊन मागे बाहेर या. पेनल्टी एरियातही रुतल्याची सूट नाही.

राहिला तो पाट्यांवर लिहिलेला ‘विंटर रूल्स’. हा नियमपुस्तकाचा भाग नाही. समितीने जाहीर करायचा स्थानिक नियम आहे, आणि ‘आज फारच ओल आहे’ म्हणून चौघांनी आपापसात ठरवायचा तर मुळीच नाही. जाहीर असेल तर फेअरवेइतक्या कापलेल्या गवतावरचा चेंडू एकदाच उचलून, पुसून, ठरलेल्या अंतरात हाताने ठेवता येतो. अंतर क्लब ठरवतो: कुठे सहा इंच, कुठे स्कोअरकार्डची लांबी, कुठे एक क्लब. एकदा ठेवला की ठेवला. मनासारखा बसला नाही म्हणून पुन्हा हलवला तर दंड. मोठ्या स्पर्धा याला नाक मुरडतात. बाल्टसरोलला २०१६च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी ही मुभा दिली, तेव्हा मेजर स्पर्धेत हे कसं काय, म्हणून भुवया उंचावल्या. मे २०२५ मध्ये क्वेल हॉलोला ती दिली नाही, तर पहिल्याच फेरीत स्कॉटी शेफलर आणि झँडर शॉफले यांनी चिखल चिकटलेल्या चेंडूंबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. सोळाव्या होलवर दोघांनीही डबल बोगी केली होती. चिखल चेंडूच्या डाव्या बाजूला असेल तर तो उजवीकडे पळतो, हा खेळाडूंचा अनुभव. किती पळेल हे मात्र कोणाला सांगता येत नाही. शेफलरने तरीही स्पर्धा जिंकली. माझं मत विचाराल तर क्लबच्या हिवाळी खेळात ही मुभा हवीच, मेजरमध्ये नको. ज्यांना पोट भरायला खेळायचंय त्यांनी चिखलही खेळावा.

आपल्याकडे हिवाळा कोरडा, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या गोल्फरला हा नियम लागतो तो जून ते सप्टेंबर. चेंबूर असो, येरवडा असो की खारघर, सह्याद्रीकडचा पाऊस लागला की काळी-तांबडी माती इंग्लंडच्या चिकणमातीला हार जात नाही, आणि नियम तोच लागू होतो. मुलांकडे इंग्लंड-स्कॉटलंडला नाताळात जाणारेही हल्ली क्लब सोबत नेतात. त्यांनी आणि इथल्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. पहिल्या टीवर जाण्याआधी क्लबच्या फलकावरचे त्या दिवसाचे स्थानिक नियम वाचावेत, कारण ते महिन्यागणिक बदलतात. आणि मातीत गेलेल्या चेंडूला हात लावण्याआधी खिशातून टी काढून जागेवर खोचावी, सोबतच्याला हाक मारावी, टॉवेल खांद्यावरच राहू द्यावा.