पाहुणा नको, तर पंगत आवरा!

काचेच्या पेटीत पोहणारे गप्पी आणि गोल्डफिश तुम्ही पाहिले असतील. पण काचपेटीत चक्क समुद्र आणून ठेवलेला पाहिलाय? अमेरिका, जर्मनी अशा देशांत ही हौस बरीच पसरली आहे. दर लिटर शुद्ध पाण्यात साधारण ३५ ग्रॅम खास सागरी मीठ विरघळवायचं, पाणी २५-२६ अंश सेल्सिअस ठेवायचं, वर प्रखर दिवे लावायचे आणि पंपाने आत प्रवाह खेळवायचा. मग खडकांवर जिवंत प्रवाळ वाढतात आणि त्यांच्यामधून रंगीत मासे फिरतात. हिला 'रीफ टँक' म्हणतात. आपण म्हणू प्रवाळपेटी.

दिसायला पेटी मोठी झोकदार! पण थोड्याच दिवसांत तिथे एक न बोलावलेला पाहुणा येतो. आधी खडकांवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते. मग काचेवर हिरवट थर धरतो आणि खडकांवर केसांसारखे झुबके डुलू लागतात. हेच ते शेवाळ. ते प्रवाळांवर पसरलं की त्यांचा उजेड अडतो, त्यांची जागा जाते आणि प्रवाळ हळूहळू मरू लागतात.

गंमत म्हणजे प्रवाळ जगतात तेही शेवाळाच्याच जिवावर! त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. म्हणजे शेवाळ मुळात वाईट नाही. ते भलत्या जागी आणि भलतंच वाढलं की त्रास होतो.

पाहुण्याला जेवण कोण वाढतं?

शेवाळाचे सूक्ष्म कण खडकांबरोबर, माशांबरोबर पेटीत येतातच. ते अडवता येत नाहीत. पण नुसतं येऊन काय होणार? वाढायला खत हवं. ते खत आपणच घालतो, बरं का! माशांना चिमूटभर पुरे असताना आपण मूठभर खाणं टाकतो. उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. खाण्यातून फॉस्फेटही येतं. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाची पंचपक्वान्नं! शेतात खत घातल्यावर पीक तरारतं ना, तसंच हे.

मग औषध टाकून शेवाळ मारलं तर? मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं आणि त्याच्यातलं खत पुन्हा पाण्यात उतरतं. महिनाभरात नवं शेवाळ हजर! शिवाय तांबं असलेली औषधं गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ यांनाही मारतात. म्हणून जाणकार हौशी माणूस पाहुण्याशी भांडत बसत नाही, तो पंगतच आवरती घेतो.

पंगत आवरायची कशी?

पहिलं, खाणं मोजकं टाकायचं. दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढंच. दुसरं, नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही, कारण त्यातही नायट्रेट-फॉस्फेट असू शकतं. आर.ओ.चं शुद्ध पाणी घ्यायचं. तिसरं, पेटीतलं थोडं पाणी नियमाने काढून ताजं खारं पाणी घालायचं. मात्र वाफ होऊन पाणी कमी झालं असेल तर साधं शुद्ध पाणीच घालावं लागतं. का बरं? विचार करा. वाफ होते पाण्याची, मीठ मागेच राहतं!

चौथं, प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, घाण बुडबुड्यांना चिकटते आणि फेसाबरोबर बाहेर पडते. पाचवं, वाढलेले झुबके हातांनी उपटून पेटीबाहेर काढायचे. त्यांनी खाल्लेलं खत त्यांच्याबरोबरच बाहेर जातं.

मदतनीसही असतात. समुद्री गोगलगायी काच आणि खडक खरवडून साफ करतात. काट्याचा चेंडू वाटावा असा सी-अर्चिन तर खडक चाटूनपुसून ठेवतो. काही जण काट्याने काटा काढतात. शेजारच्या छोट्या पेटीत दिवा लावून मुद्दाम शेवाळ वाढवतात. ते खत शोषून घेतं आणि ठरावीक दिवसांनी त्याची कापणी करून टाकतात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी याच तत्त्वावर पाणी शुद्ध करण्याची पद्धत तयार केली.

समुद्रातही तेच

हे फक्त पेटीपुरतं नाही. १९८३ साली पनामाजवळ लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन रोगाने मरू लागले. साधारण वर्षभरात रोग कॅरिबियन समुद्रभर पसरला आणि बहुतेक अर्चिन नाहीसे झाले. जमैका बेटाजवळ शेवाळ खाणारे मासे लोकांनी आधीच बेसुमार पकडले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळही मोडले होते. आता शेवाळ खाणारं कुणीच उरलं नाही! तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ५ टक्क्यांहूनही कमी राहिला. बाकी सगळं शेवाळ.

आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते तोडणं, घरी आणणं गुन्हा आहे. तेव्हा सहलीला गेलात तर डोळ्यांनी पाहा, हात लावू नका.

करून पाहा

प्रवाळपेटी नसली तरी हा प्रयोग घरी जमेल. तळ्याचं किंवा विहिरीचं पाणी तीन काचेच्या बरण्यांत घ्या. पहिलीत काहीच घालू नका. दुसरीत कुंडीच्या खताचे दोन-तीन दाणे टाका. तिसरीतही तेवढेच दाणे टाका, पण ती बंद कपाटात ठेवा. पहिल्या दोन खिडकीत ठेवा. डास होऊ नयेत म्हणून तिन्हींच्या तोंडाला कापड बांधा. पाण्याला हात लागला तर साबणाने धुवा. तीन आठवडे रोज पाण्याचा रंग वहीत लिहा. सगळ्यात हिरवी बरणी कोणती झाली आणि का, ते आईबाबांना तुम्हीच समजावून सांगा. शेवटी ते पाणी झाडांना घाला. खत वाया कशाला घालवायचं?