न्यूमोनियाच्या जंतूंतील जनुकीय बदलांवर नजर

यवतमाळ - खेड्यातील बाळाला धाप लागली, की पहिला भरवसा साध्या प्रतिजैविकावरच असतो. विदर्भातीलच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये प्रशिक्षित गावकऱ्यांच्या हाती को-ट्रायमोक्साझोल दिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तेथील बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

पुढे मात्र जंतू या औषधाला दाद देईनासे झाले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अमॉक्सिसिलिनला पसंती दिली.

असे का घडले? न्यूमोकोकस जंतूच्या एका जनुकातील एकच अक्षर बदलले, की त्यापासून बनणाऱ्या प्रथिनातील शंभरावे अमिनो आम्ल बदलते आणि औषधाची पकड सुटते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांच्याविरुद्ध तर हा जंतू शेजारच्या जंतूंकडून जनुकांचे तुकडेच उचलतो.

त्यामुळे रुग्णाच्या रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा संपूर्ण जनुकक्रम वाचला जातो. कोणता बदल कोठे पसरत आहे हे त्यातून कळते आणि औषधाचे धोरण वेळीच बदलता येते.

महाराष्ट्रात २०२१ पासून न्यूमोकोकल लस दीड, साडेतीन व नऊ महिन्यांच्या बालकांना मोफत मिळते. संसर्ग घटला, की औषधाचा वापर घटतो; जंतूला बदलण्याची संधीही कमी होते. उरलेली जबाबदारी डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रतिजैविके न घेण्याची आहे.