खरेदीखतामागची उधारी : इंग्रजी अमदानीतले बेळगाव

आपल्या गावातल्या जुन्या घराण्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "पेठेतला वाडा पणजोबांनी विकून टाकला." त्यापाठोपाठ कारणही येते. कुणाचे व्यसन, कुणाचा भाबडेपणा, कुठे भाऊबंदकी. या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात, पण वाडा गेला तो कागद पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. तो कागद नीट वाचला, तर पुष्कळ वेळा असे दिसते की वाडा एका दिवसात विकला गेला नव्हता. दुकानाच्या उधारीतून तो वर्षानुवर्षे हळूहळू गेला होता. हे कसे घडे, ते आज पाहू.

बेळगाव १८१८ साली इंग्रजांकडे आले. शेजारचे शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांकडे राहिले. बाजार एकमेकांना लागून, पण अंमल दोन. दोन्हीकडचा रोजचा व्यवहार उधारीवर चाले. विणकर सूत उधार घेई, सोनार, कासार माल उधार घेत, कारकुनाच्या घरी वाण्याचे खाते असे. दुकानदार दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत मांडी आणि तिथून तो खतावणीत प्रत्येकाच्या नावे चढे. बाकी वाढली की कर्जाऊ खत लिहून घेतले जाई. वहीतली बाकी खतात गेली, की दुकानाची उधारी सावकारी कर्ज होई.

जुन्या हिंदू रिवाजात ऋणकोला दामदुपटीचा आधार होता. एका वेळी मागायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा तो नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. पण १८५५ साली व्याजदरावरचे कायदेशीर बंधन उठले आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या खतावर दावा लावायला तीनच वर्षे दिली. ऋणकोची सोय व्हावी म्हणून घातलेली ही मुदत त्याच्याच अंगावर आली. तीन वर्षे भरत आली की सावकार खत नवे करून मागे, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे.

हिशेब करून पाहू. समजा, शंभर रुपये शेकडा दरमहा दोन रुपये व्याजाने घेतले. तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये. नवे खत झाले १७२ रुपयांचे. त्यावर आणखी तीन वर्षांचे व्याज सुमारे १२४ रुपये. सहा वर्षांनी देणे झाले जवळजवळ २९६. पहिलेच खत सहा वर्षे चालले असते, तर दामदुपटीने देणे २०० वर थांबले असते. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी १८७९ साली दक्षिणेत कायदा झाला, पण तो शेतीवर पोट असणाऱ्यांसाठी होता. पेठेतल्या विणकराला किंवा कारकुनाला त्याची सावली मिळाली नाही.

आता घराची पाळी येई. बाकीच्या तारणासाठी घर गहाण पडे, आणि गहाणखतात बहुधा एक कलम असे : मुदतीत रक्कम न दिल्यास हाच कागद खरेदीखत समजावा. याला 'गहाण लहाण' म्हणत. मुदत टळली की घर आपोआप गेले, अशी लोकांची समजूत. मुंबईच्या हायकोर्टाने १८६४ साली रामजी विरुद्ध चिंतो या दाव्यात वेगळी भूमिका घेतली. गहाण ते गहाणच, कलम काहीही असो, पैसे आणून घर सोडवण्याचा हक्क मुदतीनंतरही उरतो, असा तो निकाल. सोडवण्याची कायदेशीर मुदत साठ वर्षांची होती. म्हणजे आजोबांनी गहाण टाकलेले घर नातवाला सोडवता येत होते.

सावकारांनी यावर वाट काढली. गहाणखत न लिहिता सरळ खरेदीखत लिहून घ्यायचे आणि परतीचे वचन तोंडी द्यायचे : "पैसे आण, घर घेऊन जा." विकणारा त्याच घरात राही, पण त्याच दिवशी भाडेचिठ्ठी लिहून देई. भाडे ठरे ते व्याजाच्या आकड्याएवढे. घरातल्यांना रोजच्या जगण्यात काहीच बदललेले दिसत नसे. तीच चूल, तेच परडे, तीच तुळस. मालक तेवढा बदललेला असे. काही वर्षे हायकोर्ट अशा व्यवहारात दोन्ही पक्षांचे वागणे पाहून खरे काय ते ठरवी. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी कराराचा पुरावा चालणार नाही. मग तोंडी वचनावर विसंबलेल्यांच्या हाती काही उरले नाही. १ एप्रिल १९३० पासून तर परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर त्या व्यवहाराला गहाण म्हणताच येईना.

म्हणून जुने खरेदीखत हाती आले की चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रक्कम. आकडा आणि अक्षर यांच्या जोडीला 'निमे' रक्कमही लिहिलेली असते, कुणी आकडा बदलू नये म्हणून. त्या रकमेतली किती रोख दिली आणि किती जुन्या खतांपोटी वळती केली, हे वाचावे. रजिस्ट्रारासमोर पैसे दिले असतील, तर तसा शेरा दस्तावर असतो. रोख नाममात्र आणि वळती बहुतेक सगळी असेल, तर घर विकले ते आधीच झालेल्या कर्जासाठी.

दुसरी, कारण. मुलीचे लग्न, वडिलांचे क्रियाकर्म, जुने देणे अशी कारणे दस्तात सविस्तर येतात. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला किंवा विधवेला मिळकत विकायची तर कुटुंबाची खरी गरज दाखवावी लागे, नाहीतर पुढे मुले किंवा वारस दावा लावत. म्हणून घेणाराच ही कारणे आवर्जून लिहवून घेई. ती खरी असतील, पण कोर्टावर नजर ठेवून लिहिलेली असतात हे विसरू नये. विकणाऱ्याच्या पत्नीचे नाव या दस्तांत बहुधा दिसत नाही. गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी कायद्याने घर विकायला पत्नीची संमती लागे, त्यामुळे तिकडचे नातलग आपले जुने कागद दाखवतात तेव्हा हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

तिसरी, चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस सामायिक भिंत. आपल्या घराचा दस्त मिळाला नाही, तरी शेजाऱ्याच्या दस्तात आपल्या पणजोबांचे नाव सापडते. ते कधीपर्यंत तिथे मालक होते, हे त्यावरून कळते.

चौथी, ताबा. घर रिकामे करून दिले की भाड्याने राहिले?

इथे एक अडचण लक्षात घ्यावी. खरेदीखत घेणाऱ्याकडे जाते. विकणाऱ्याच्या माळ्यावर उरतात ती फाडून परत दिलेली खते, भाड्याच्या पावत्या, एखादी भाडेचिठ्ठीची नक्कल. निरुपयोगी म्हणून आपण नेमके हेच कागद रद्दीत घालतो. दस्ताची नक्कल मात्र सब-रजिस्ट्रारच्या पहिल्या नंबरच्या पुस्तकात उतरवलेली असते, आणि ते पुस्तक व त्याच्या सूच्या फी भरून कुणालाही पाहता येतात. १८९३ पूर्वी आपल्या इलाख्यात तोंडी विक्रीही कायदेशीर होती, त्यामुळे त्याआधीचे सगळेच व्यवहार तिथे मिळतील असे नाही. त्या वर्षापासून शंभर रुपये आणि त्यावरच्या घरविक्रीला नोंदणी सक्तीची झाली. शहापूरची मिळकत असेल तर ती सांगली संस्थानच्या हद्दीतली, हे ध्यानात ठेवून शोध घ्यावा.

हे कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. गेलेला वाडा आता कुणाला परत मिळणार नाही, तशी आशाही कुणी धरू नये. पण ज्या माणसाला तीन पिढ्या 'उधळ्या' म्हटले, त्याने सहा वर्षांत तीन वेळा खत नवे करून दिले होते आणि पुढे आपल्याच घराचे भाडे महिन्याच्या महिन्याला भरले होते, असे त्या पावत्यांतून निघाले तर? घरातली गोष्ट मग वेगळी सांगावी लागेल. तेव्हा माळ्यावरचे बासन रद्दीत घालण्याआधी एकदा मोडी जाणणाऱ्याला दाखवावे, आणि त्यातला एकही कागद वेगळा करू नये.